सगळ्यांनी रस्ता दिला

सगळी वसाहत त्यांना भोंगाकाका म्हणायची. सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका चालवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. डोक्यावर अष्टौप्रहर वाजणाऱ्या भोंग्यानं कान पार कामातून गेलेले, त्यामुळे ते बोलायचेही भोंग्यासारखेच. काकूंच्या कानात काही सांगायला गेले तरी ते शेजारच्या चार घरांत पोचायचं. "अहो, हळू. भिंती लाजतील," काकू म्हणायच्या, आणि काका "काय?" असं आणखी मोठ्यानं विचारायचे.

काकू घरीच शिवणकाम करायच्या. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. काकांच्या पाळीला काही धरबंध नव्हता. ते दारात दिसले की काकू मशीनचं चाक हातानं थांबवायच्या आणि आधी त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. गाडीतला पेशंट सुखरूप पोचला असेल, तर काका चपला काढता काढताच चहा मागायचे. नसेल, तर सरळ मोरीत शिरायचे आणि कितीतरी वेळ कोपरापर्यंत हात धूत राहायचे. मग बाहेर येऊन एकच वाक्य बोलायचे, "रस्ता दिला नाही कुणी."

एक प्रसंग तर त्यांच्या मनातून कधी गेलाच नाही. बाळंतपणात अडलेली एक पोर गाडीत होती आणि पुलावर एक ट्रक आडवा झाला होता. काका हॉर्न देऊन देऊन थकले, खाली उतरले, ट्रकवाल्याच्या दारावर मुठी आपटल्या. गाडीत मागे त्या पोरीची आई मधल्या काचेवर टकटक करत होती. चला ना, चला ना, असं तिचं तोंड हलत होतं. पूल मोकळा झाला तेव्हा ती टकटक थांबलेली होती. त्या ट्रकवाल्याला काकांनी जन्मभर शिव्या घातल्या. निवृत्त झाल्यावरही जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायचे, "तो हलला असता ना, तर वाचली असती."

काकू पाणी पुढे करायच्या. दुसरं त्या तरी काय करणार?

मुलगी लग्न होऊन परदेशी गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. या वेळी तिनं हट्टच धरला आणि दोघं पहिल्यांदा विमानात बसले. विमानतळावर जावई न्यायला आले होते. काका पुढच्या सीटवर बसले. तिकडे गाड्या उलट्या बाजूनं चालतात हे त्यांनी ऐकलेलं होतं, पण ऐकणं वेगळं. डाव्या हाताला स्टिअरिंग, उजव्या हाताला आपण, आणि हातात काहीच नाही! प्रत्येक वळणावर त्यांना वाटायचं, आता समोरून येणारा अंगावरच येणार. त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जिथं ब्रेक नव्हताच.

"बाबा, पायाखालचा पत्रा फाटेल," जावई हसत म्हणाले.

"तुम्ही समोर बघा जावईबापू, माझ्या पायाकडे बघू नका," काका ओरडले, आणि मागे मायलेकी हसून हसून बेजार झाल्या.

मुलीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. बैठकीच्या खिडकीतून मोठा चौक दिसायचा. सकाळी चहाचा कप घेऊन काका जे खिडकीशी उभे राहत, ते जेवायला हाक मारेपर्यंत. हॉर्न नाही की शिवीगाळ नाही. पायी जाणारी एखादी म्हातारी रस्त्यावर पाऊल टाकायची आणि दोन्हीकडच्या गाड्या गुपचूप थांबायच्या. म्हातारी मान वर करूनसुद्धा बघायची नाही.

"ही माणसं आहेत का कोण आहेत?" काका म्हणायचे.

"माणसंच आहेत. आणि घरातही दोन माणसं आहेत, त्यांच्याकडेही बघा कधी," काकू म्हणायच्या.

एका दुपारी चौकातून रुग्णवाहिका गेली. काकांना भोंगा नीट ऐकूही आला नाही. त्यांनी बघितलं ते गाड्यांचं हलणं. सिग्नलला उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या इकडे-तिकडे सरकल्या, कुणी फुटपाथवर चाक चढवलं, आणि मधून ती गाडी अशी गेली की तिचा वेगही कमी झाला नाही. पुढच्याच क्षणी चौक पुन्हा होता तसा. काका खिडकीपासून मागे आले आणि खुर्चीवर बसले. काकू जवळ आल्या. "काय झालं हो?"

"मी इथं नोकरी केली असती ना," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता, "तर माझ्या गाडीत एकही माणूस दगावलं नसतं."

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "इथली माणसं काय मरतच नाहीत का? उगाच मनाला लावून घेता."

काकांना ते पटलं नव्हतं.

तिकडून तासा-दीड तासावर कापडाच्या गिरण्यांचं एक गाव होतं. गिरणीच्या दुकानात थेट कापड मिळतं, असं मुलीच्या तोंडून निघालं आणि काकूंनी ते धरून ठेवलं. मुलीच्या घरातले पडदे त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होते. "पडदे आहेत का पट्ट्या बांधल्यात खिडकीला? मी शिवून देते." मुलीला कामावरून सुट्टी मिळेना, म्हणून जावयांनी एक दिवस रजा काढली आणि तिघं निघाले.

सकाळी निघतानाच काकू जरा गप्प होत्या. मुलीनं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, पित्त झालंय. कापड बघितलं की उतरेल." आणि खरोखरच दुकानात शिरल्यावर त्यांचा चेहरा फुलला. ठाण उलगडायचं, बोटांत चुरगाळून बघायचं, उजेडात धरायचं. भाषा येत नसताना त्यांनी दुकानातल्या बाईला खुणांनी पटवलं की या कापडाचा रंग जाणार. बाई हसली आणि तिनं आतून दुसरं ठाण आणलं. पांढऱ्यावर फिकट निळी पानं. काकूंनी तेच घेतलं. काका दारात उभे राहून बाहेरच्या गाड्या बघत होते.

परत येताना दोन रस्ते होते. एक आतला, गावागावांतून जाणारा. दुसरा मोठा हमरस्ता. "आई दमल्यात, मोठ्या रस्त्यानं लवकर पोचू," जावई म्हणाले. काकूंनी मान हलवली आणि मागच्या सीटवर डोकं टेकलं.

अर्ध्या वाटेवर गाड्या हळू झाल्या आणि मग थांबल्याच. पुढे कुठंतरी मालगाडीएवढा एक ट्रक उलटला होता. रस्ता बंद. डोंगराच्या वळणापर्यंत नुसती टपं चमकत होती. पण काकांनी बघितलं की थांबता थांबता प्रत्येक गाडी बाजूला सरकत होती. डावीकडची रांग आणखी डावीकडे, उजवीकडची आणखी उजवीकडे. मधोमध एक सलग मोकळी पट्टी तयार झाली. तिच्यात कुणी नाही. एक मोटारसायकलसुद्धा घुसली नाही.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"नियमच आहे बाबा. गाड्या अडकल्या की मध्ये वाट सोडायची. कुणाला मदत लागली तर गाडी थेट येते."

"कुणी मागायच्या आधीच?"

"हो. आधीच."

काका सीटवर वळून वळून बघायला लागले. पुढे बघत, मागे बघत, काच खाली करून डोकं बाहेर काढत. लहान मूल जत्रेत बघतं तसे. "अरे, काय माणसं आहेत! एवढे ट्रक, एवढ्या बस, आणि एकानं तरी चाक आत घालावं? आमच्याकडे अशी वाट सोडली असती ना, तर लोकांनी तिच्यात भाजीची दुकानं मांडली असती!" ते मोठमोठ्यानं बोलत होते, हसत होते. जावईही हसत होते. मग त्यांनी आरशात बघितलं आणि त्यांचं हसू गेलं.

"बाबा, आई हाक मारतायत."

काकू केव्हापासून "अहो" म्हणत होत्या कोण जाणे. काकांना ऐकूच गेलं नव्हतं.

ते मागे वळले. काकूंचं कपाळ घामानं डबडबलं होतं आणि डावा हात उजव्या हातानं धरलेला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. असे चेहरे काकांनी जन्मभर आरशातून बघितले होते. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"फोन करा," ते जावयांना म्हणाले. "छातीचं आहे म्हणून सांगा."

ते उतरून मागच्या दारानं आत आले. काकूंचं डोकं मांडीवर घेतलं, पाय सीटवर उचलून ठेवले आणि गळ्याशी जे जे घट्ट होतं ते सैल केलं. जावई फोनवर बोलत होते. मागच्या ट्रकचा आडदांड ड्रायव्हर खाली उतरून आला, आत डोकावला, धावत परत गेला आणि घोंगडी घेऊन आला. शेजारच्या गाडीतल्या एका बाईनं पाण्याची बाटली दिली. मग त्या ट्रकवाल्यानं स्वतःचा कोट दोन्ही हातांनी दारावर ताणून धरला, कारण ऊन काकूंच्या डोळ्यांवर येत होतं. तो तसाच उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे बघितलं.

रुग्णवाहिका आली तेव्हा काकांना वाटलं, आत्ताच तर फोन केला. मोकळ्या पट्टीतून ती सरळ रेषेत आली. माणसं उतरली, काकूंना स्ट्रेचरवर घेतलं, नळ्या आणि तारा लावल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. जावयांची गाडी रांगेत रुतलेली होती, ती सोडून जाता येईना. "मी येतो बाबा, कसाही येतो," ते म्हणत होते. सवयीनं काका पुढच्या दाराकडे गेले. तिथं चालकाच्या जागी एक तरुण मुलगी बसलेली होती, केस घट्ट बांधलेले. तिनं हलकेच मागच्या बाजूला बोट दाखवलं.

नातेवाईक मागे बसतात. इतकी वर्षं गाडी चालवली, पण मागच्या त्या छोट्या बाकावर काका कधी बसले नव्हते.

गाडी निघाली. काकूंनी डोळे उघडले. नाकावरचा मुखवटा बाजूला करायला बघत होत्या. काकांनी कान जवळ नेला.

"तुम्ही मागे कसे?" काकूंनी विचारलं. "गाडी कोण चालवतंय?"

"एक पोरगी आहे."

"बरी चालवते का?"

काकांनी मधल्या काचेतून पुढे बघितलं. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर शांत होते. तिच्यापुढे रस्ता रिकामा पडलेला होता, दोन्ही बाजूंनी गाड्या अंग चोरून उभ्या होत्या, आणि माणसं काचांमधून बघत होती.

"माझ्यापेक्षा बरी चालवते," ते म्हणाले.

काकूंना ते ऐकून हसू आलं. नवऱ्यानं दुसऱ्या ड्रायव्हरला चांगलं म्हटलेलं त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी काकांचं बोट धरलं. थोड्या वेळानं ती पकड ढिली झाली. बाजूच्या यंत्रावरची रेघ बदलली तशी आतली माणसं एकदम उठली आणि एकानं काकांना हातानं मागे सारलं. काका भिंतीला पाठ लावून बसले. तो माणूस काकूंच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होता. गाडी कुठंही थांबली नाही. एकही धक्का बसला नाही. सिग्नल मागे गेले, चौक मागे गेले.

मुलगी टॅक्सीनं दवाखान्यात पोचली, तेव्हा काका एका लांबलचक कॉरिडॉरमध्ये बसलेले होते. काकूंची चप्पल त्यांच्या हातात होती. मुलगी त्यांच्या शेजारी बसली. मग दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या. मुलीशी हळू आवाजात बोलल्या. मुलीनं तोंडावर हात घेतला, तेव्हाच काकांना कळलं.

ते मुलीला म्हणाले, "त्यांना एक विचार. उशीर झाला का?"

मुलीनं रडत रडत विचारलं. डॉक्टर काकांसमोर वाकून, त्यांच्या डोळ्यांत बघत बोलल्या.

"नाही म्हणतात, बाबा. अगदी वेळेत आणलं. याहून लवकर कुणालाच जमलं नसतं. झटकाच फार मोठा होता."

"मग?" काका म्हणाले.

मुलीनं ते डॉक्टरांना विचारलंच नाही.

गाडी चालवणारी ती मुलगी कॉरिडॉरच्या टोकाला उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं असावं. जवळ यावं की नको, असं तिचं चाललं होतं. काकांनी हातानं तिला बोलावलं. ती आली आणि खाली मान घालून उभी राहिली. काकांनी दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मीसुद्धा. तिला ते कळलं. तिचे डोळे भरून आले.

"हिला सांग," काका आपल्या मुलीला म्हणाले, "गाडी फार चांगली चालवलीस. आईनं विचारलं होतं, मी तिला तसं सांगितलंय."

पुढचं सगळं तिकडेच उरकलं. काका खिडकीशी उभे राहीनासे झाले. ते आतल्या खोलीत बसून राहायचे. गाड्यांकडे त्यांची पाठ असायची. त्यांना राग हवा होता. इतकी वर्षं कुणी गेलं की राग यायचा आणि त्या रागाला धरून माणूस उठायचं, जेवायचं, पुन्हा कामाला जायचं. आता तो कुणावर काढायचा? ट्रकवाल्यानं तर कोट धरला होता.

घरात मात्र राग होता. जावयांनी त्या दिवसापासून गाडीला हात लावला नव्हता. कामावर बसनं जायचे, यायचे, ताटात असेल ते चिवडायचे. एका संध्याकाळी मुलीचा आवाज इतका चढला की काकांनाही शब्दन् शब्द ऐकू आला.

"त्या रस्त्यानं का नेलंस? आतल्या रस्त्यानं आला असतात तर अडकलाच नसतात!"

"मला वाटलं, लवकर पोचू."

"तुला वाटलं! आई अडकली नसती तर आज—"

"गप्प बस," काका दारात येऊन म्हणाले. ते ओरडले नव्हते, म्हणूनच दोघं दचकले. "त्यांना काही बोलू नकोस."

"बाबा, पण—"

"मला माहीत आहे हे बोलणं. मी जन्मभर हेच बोललो. तुझ्या आईला मी पुलावरची ती पोर किती वेळा सांगितली असेल. ट्रक हलला असता तर वाचली असती, ट्रक हलला असता तर..." ते भिंत धरून उभे होते. "मला काय माहीत होतं, वाचली असती का ते? डॉक्टरला मी कधी विचारलंच नाही. मला विचारायचंच नव्हतं. आणि तो ट्रकवाला... त्यालाही पोरंबाळं असतील. त्याच्या तोंडावर मी काय काय बोललो होतो."

मुलगी रडायला लागली. जावई तसेच उभे होते, हात लोंबत ठेवून.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. काकांनी अंगात कोट चढवला आणि म्हणाले, "मला जरा बाहेर न्या."

"टॅक्सी बोलावतो, बाबा."

"टॅक्सी नको. आपल्या गाडीनं जाऊ."

गाडी तळघरात उभी होती. जावई किल्ली घेऊन दाराशी घुटमळले. "बाबा, मला नाही जमणार."

काकांनी आजवर जावयांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मुलगी त्यावरून त्यांची थट्टा करायची. आता ते त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बस रे बाळा. मी आहे शेजारी. हळूच घे."

जावई बसले. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा ती हलली, चढावरून वर उजेडात आली आणि रस्त्याला लागली. फार लांब गेलेच नाहीत. चौक ओलांडला, शाळेच्या बाजूनं वळले, एका बागेला फेरी मारली. एका ठिकाणी एक बाई मुलाला घेऊन रस्ता ओलांडत होती. जावयांनी ती पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत गाडी थांबवली, आणि तिनं हात उंचावल्यावर त्यांनीही उंचावला.

परत येऊन त्यांनी गाडी जागेवर लावली, इंजिन बंद केलं. हात मात्र स्टिअरिंगवरून निघेनात. मग त्यांनी कपाळ हातांवर टेकलं आणि त्यांच्या पाठीला हुंदक्याचे गचके बसायला लागले. इतक्या दिवसांत ते रडलेच नव्हते. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनाही आता आवरेना.

बऱ्याच वेळानं जावयांनी तोंड पुसलं. "वर जायचं का, बाबा? ती वाट बघत असेल."

"जाऊ," काका म्हणाले. "बसू जरा अजून."